जागतिक जमीन-वापराचा डेटा आणि विदर्भाचं मॉडेल: कोणता घ्यावा, कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात एम.टेक. करणारा एक विद्यार्थी पूर्व विदर्भासाठी प्रादेशिक हवामान मॉडेल चालवतो आहे. १९८० पासून जमिनीचा वापर बदलत गेला, त्यामुळे पाऊस आणि उन्हाळ्याचं तापमान किती बदललं, हे त्याला काढायचं आहे. त्याने दोन वेगवेगळ्या संस्थांचे उपग्रही नकाशे एकमेकांतून वजा केले, तर नागपूर जिल्ह्यात जंगल वाढलेलं निघालं. मग एलयूएच२ हा जमीन-वापराचा जागतिक डेटा उतरवला. त्यात एकेका चौकोनातल्या जमिनीच्या वर्गांच्या हिश्शांची बेरीज १ भरेना आणि वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण कुठेच सापडेना. आता विश्वास कशावर ठेवायचा?

आधी नकाशांचं बोलू, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः पडलेलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही असेच दोन घरचे दोन नकाशे वजा केले होते. काटोलच्या पट्ट्यात जंगल तुटून शेती झाल्याचा लालभडक डाग उमटला. अहवालात घालण्याआधी, सुदैवाने, जागेवर गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मी विचारलं, इथलं जंगल कधी तुटलं? तो म्हणाला, "माह्या बापानं लावला हा बगीचा. त्याच्या आधी जवारी होती. जंगल कुठून आणलं जी तुम्ही?" पहिल्या नकाशाने बगीचाला वृक्षाच्छादन म्हटलं होतं, दुसऱ्याने शेती. जमिनीवर काही घडलंच नव्हतं, बदल झाला होता तो फक्त वर्गाच्या नावात. तुमच्याकडे जंगल वाढलेलं दिसतंय ते बहुधा हेच, उलट्या दिशेने.

हिशेबही करून बघा. प्रत्येक नकाशा ८५ टक्के अचूक धरला आणि चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या धरल्या, तर दोन्ही नकाशे एकाच जागी बरोबर असण्याची शक्यता ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे जेमतेम ७२ टक्के. उरलेल्या २८ टक्के जागेवर निदान एक नकाशा चुकलेला. आणि तुम्ही शोधताय तो खरा बदल दहा वर्षांत एक-दोन टक्क्यांचा. तो या गोंगाटात ऐकू येईल कसा? एकाच मालिकेतली वेगवेगळी वर्षं घेतली तरी हा धोका पूर्ण जात नाही. नासाच्या मोडिस या उपग्रही संवेदकाचं ५०० मीटरचं वार्षिक नकाशा-उत्पादन लोक सर्रास वर्षावर्षांत वजा करतात, पण त्याच्या वापरपुस्तिकेतच बदल मोजण्यासाठी असं करू नका म्हणून बजावलेलं आहे. पुस्तिका कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यातही आपल्याकडे 'जंगल' या शब्दाचे किमान तीन अर्थ आहेत. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरहून मोठ्या आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेल्या जागेला वनाच्छादन म्हणतं, मालकी कोणाचीही असो, झाडं फळबागेची असोत की बांबूची. महसुली कागदावरचं जंगल त्याहून वेगळं. आपल्या पूर्व विदर्भातलं झुडपी जंगलच घ्या. सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन, कुठे झुडपं, कुठे नुसता माळ, कुठे तर वस्ती आणि सरकारी इमारती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच मानायच्या असा निकाल दिला. त्या दिवशी कायद्याने ते वन पक्कं झालं, पण तिथून परत जाणारं ऊन आणि उडणारी वाफ आदल्या दिवशी होती तेवढीच राहिली. मॉडेलला तिसराच अर्थ लागतो: पानांचं क्षेत्रफळ किती, मुळं किती खोल, पृष्ठभाग किती खडबडीत, किती ऊन परावर्तित होतं. जमिनीचा वापर आणि जमिनीवरचं आच्छादन या दोन गोष्टींत गल्लत केली की पुढचं सगळं गणित वाकडं जातं.

आता एलयूएच२. मेरीलँड विद्यापीठातल्या जॉर्ज हर्ट यांच्या गटाने हा डेटा सीएमआयपी६ साठी, म्हणजे जगभरच्या हवामान मॉडेलांची तुलना करणाऱ्या प्रकल्पाच्या सहाव्या फेरीसाठी, तयार केला. पाव अंशाच्या चौकोनांची जाळी, आणि इतिहास सन ८५० पासून २०१५ पर्यंत. त्याच्या मुख्य फायली तीन: अवस्था, संक्रमणं आणि व्यवस्थापन. नवख्या माणसाला मी नेहमी तलाठ्याच्या दप्तराची आठवण करून देतो. अवस्थांची फाईल म्हणजे सातबारा: या वर्षी या चौकोनात किती भाग कशाखाली. संक्रमणांची फाईल म्हणजे गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही: कशातून काढून कशात घातलं. व्यवस्थापनाची फाईल बारा नंबरच्या पीकपाहणीच्या जवळची: किती सिंचन, किती नत्र खत, तोडलेल्या लाकडातलं किती जळणाला गेलं. बहुतेक विद्यार्थी सातबारा बघतात आणि फेरफार उघडतच नाहीत. कार्बनच्या हिशेबात खरी माहिती फेरफारातच असते. समजा एका चौकोनात वर्षभरात दहा टक्के रान तोडून फिरती शेती झाली आणि जुनी दहा टक्के शेती रान वाढायला सोडून दिली. सातबारावर फरक शून्य. पण तोडलेल्या रानाचा कार्बन त्याच वर्षी बराचसा हवेत गेला, आणि सोडलेल्या शेतात तो परत साठायला काही दशकं लागणार.

अवस्थांचे वर्ग बारा. मूळ वन आणि मूळ वनेतर, दुय्यम वन आणि दुय्यम वनेतर, राखलेली कुरणं आणि चराऊ रान, शहर, आणि पिकांचे पाच. यातला 'मूळ' शब्द फसवा आहे. मूळ म्हणजे घनदाट किंवा चांगलं असं अजिबात नाही, ८५० पासूनच्या हिशेबात हात न लागलेलं एवढंच. एकदा तोडलं की ती जागा दुय्यम, मग पुढे हजार वर्षं वाढली तरी दुय्यमच. शिवाय चौकोन वनाचा की वनेतर, हे एका स्थिर खुणेवरून ठरतं, आणि ती खूण तिथल्या संभाव्य वनस्पतींच्या कार्बन घनतेवरून लावलेली आहे: प्रति चौरस मीटर दोन किलो कार्बनच्या वर असेल तर वन. त्यामुळे एकाच चौकोनात मूळ वन आणि मूळ वनेतर शेजारी नांदत नाहीत. पेंचकडचं सागाचं रान आणि त्याला लागून असलेलं गवताळ माळ तुम्ही डोळ्यांनी वेगळं बघता, पण या खात्यात चौकोनाला जात एकच.

पिकांच्या पाच वर्गांत विदर्भ बसवून बघा, मजा येते. (सी३ आणि सी४ हे प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून पाडलेले वनस्पतींचे दोन प्रकार.) कापूस, धान, गहू हे सी३ वार्षिक. ज्वारी सी४ वार्षिक. संत्रा सी३ बहुवार्षिक. ऊस सी४ बहुवार्षिक. सोयाबीन, तूर, हरभरा हे नत्र स्थिर करणारे सी३. आपल्याकडे गेल्या चाळीसेक वर्षांत शेतीत झालेला सगळ्यात मोठा पालट म्हणजे ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं. 'शेतजमीन' म्हणून बघाल तर काहीच बदललं नाही. पण सी४ जाऊन नत्र स्थिर करणारं सी३ आलं, उंच धाटांच्या जागी गुडघ्याएवढं पीक आलं, आणि ज्वारीपेक्षा लवकर रान मोकळं होऊ लागलं. नागपूरच्या हवामानासाठी मला तरी हा बदल जंगलतोडीइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याकडे लक्ष सगळ्यात कमी गेलेलं आहे. एलयूएच२ मध्ये तो कितपत सापडेल? धूसर. कारण पिकांचे कालक्रमाने बदलणारे आकडे मुख्यतः देशपातळीवरून खाली वाटलेले आहेत. अख्ख्या भारताची सरासरी काटोल-नरखेडच्या वाट्याला येते.

हे वाटप कुठून येतं ते माहीत असायला हवं. एलयूएच२ च्या खाली हाइड नावाचा डेटा आहे, नेदरलँड्समधल्या केस क्लाइन गोल्डेवाइक यांनी उभा केलेला. १९६१ नंतर त्याला अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या आकड्यांचा आधार आहे. त्याआधी लोकसंख्येचा अंदाज, माणशी किती जमीन लागत असेल त्याचा अंदाज, आणि मग माती, उतार, पाणी बघून ती जमीन जाळीत पेरलेली. १८५० साली नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. त्या सालच्या चौकोनात तुम्हाला शेतीचा दशांश चार घरांपर्यंत दिसतो, पण तो कोणी साखळी घेऊन मोजलेला नाही. याचा अर्थ डेटा टाकाऊ असा करू नका. जागतिक मॉडेलला हजार वर्षांचं, कुठेही न तुटणारं, सगळ्या देशांना एकाच मापाने मोजणारं खातं हवं असतं, आणि ते उभं करायला दुसरा मार्ग नव्हता. जागतिक कार्बन ताळेबंदातही याच खात्याचा आधार घेतात. तिथे जमिनीच्या वापरातून होणारं निव्वळ उत्सर्जन २०१४ ते २०२३ या दशकासाठी वर्षाला सुमारे १.१ अब्ज टन कार्बन धरलं आहे, आणि अनिश्चितता ०.७ अब्ज टन. आकड्याच्या निम्म्याहून मोठी अनिश्चितता उघडपणे छापली आहे, यातच सगळं आलं.

आता तुमची बेरीज. चूक तुमची नाही, पण एक स्थिर फाईल उतरवायची राहिली आहे. बारा वर्गांची बेरीज १ वजा बर्फ-पाण्याचा हिस्सा इतकी येते, आणि तो हिस्सा त्या स्थिर फाईलमध्ये आहे. स्थिर म्हणजे खरोखर स्थिर: वर्षागणिक बदलतच नाही. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ची, पण एलयूएच२ च्या दृष्टीने वैनगंगेच्या त्या चौकोनात पाण्याचा हिस्सा तेव्हा, आधी आणि नंतर सारखाच. भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचं तर नावच सोडा. धरणाचा परिणाम बघायचा असेल तर पाणी स्वतंत्रपणे, उपग्रही जलक्षेत्रावरून घाला. क्षेत्रफळ हवं असेल तर हिश्शाला त्याच फाईलमधल्या चौकोनाच्या क्षेत्राने गुणा.

फाईल उघडताना आणखी दोन ठेचा लागतील. काळ 'सन ८५० पासून वर्षं' असा नोंदवला आहे, आणि पायथनमधलं एक्सअरे ते एकक वाचताना अडतं. तारखा उलगडू नकोस असं सांगून उघडा आणि वर्ष स्वतः मोजा: १९८० म्हणजे ११३०, २०१५ म्हणजे ११६५. दुसरं, अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जातात. २० ते २२ मागितलंत तर रिकामा तुकडा मिळेल, २२ ते २० मागा. एका मुलाने यावर दोन दिवस घालवले आणि फाईलच खराब आहे म्हणून अनेक जीबी पुन्हा उतरवली. संक्रमणांच्या फाईलमध्ये अवस्थांपेक्षा एक वर्ष कमी असतं, कारण एक फेरफार दोन सातबारांच्या मधे होतो. तेवढा एकाचा फरक सांभाळा.

चौकोन केवढा, हे एकदा कागदावर काढून बघा. नागपूर २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. म्हणजे आपला चौकोन २१.१२५, ७९.१२५ या केंद्राचा: दक्षिणोत्तर सुमारे पावणेअठ्ठावीस किलोमीटर, पूर्वपश्चिम सुमारे सव्वीस, क्षेत्र ७२० चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात महापालिकेची हद्द साधारण सव्वादोनशे, शिवाय कामठी, मिहान, गोरेवाडा, अंबाझरी, आणि उरलेली सगळी शेती नि ले-आऊट. कोराडीचं वीज केंद्र अगदी वरच्या सीमेवर. बुटीबोरी आणि हिंगणा शेजारच्या चौकोनांत. आता यात 'शहर' हा वर्ग म्हणजे एक अपूर्णांक. शहराच्या उष्णतेचा अभ्यास या आकड्यावर करायचा म्हणजे सीताबर्डीची गर्दी रेल्वेच्या वेळापत्रकावरून मोजायची. ते काम दहा मीटरच्या वर्ल्डकव्हरसारख्या नकाशाचं आहे, आणि तो २०२० आणि २०२१ चाच आहे, इतिहास त्यात नाही.

मग तुम्ही नेमकं काय करावं? तुमचं मॉडेल प्रादेशिक आहे, म्हणून पाया इथला घ्या. १९८५, १९९५ आणि २००५ या तीन वर्षांचा भारताचा शंभर मीटरचा जमीन-वापर डेटा पी. एस. रॉय आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तिन्ही वर्षं एकाच वर्गीकरणाने, एकाच घरची, त्यामुळे वजाबाकीला तो पुष्कळ जास्त विश्वासू. १९८० ऐवजी १९८५ पासून सुरुवात केलीत तर कोणी फाशी देणार नाही. नंतरच्या वर्षांसाठी एनआरएससीचे, म्हणजे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे, नकाशे भुवन या इस्रोच्या संकेतस्थळावर आहेत, पण एका नकाशाचा कोणता वर्ग दुसऱ्याच्या कोणत्या वर्गात जातो याचं जुळणीकोष्टक आधी हाताने बनवा, आणि संत्र्याचा बगीचा कुठे पडतोय हे पहिल्यांदा तपासा. हे सगळं आपल्याच गावात विचारता येतं. एनआरएससीचं मध्य विभागीय केंद्र, राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, तिन्ही नागपुरात. इतकं भाग्य दुसऱ्या शहराच्या विद्यार्थ्याला नाही, आणि आपली पोरं फॉर्म भरायला कंटाळतात.

डब्ल्यूआरएफ हे प्रादेशिक मॉडेल वापरत असाल तर त्याच्यासोबत येणारा यूएसजीएसचा, म्हणजे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा, जुना नकाशा ताबडतोब बदला. तो १९९२-९३ च्या उपग्रह प्रतिमांवरून केलेला आहे. त्याच्यावर चालवलेलं 'आजचं' नागपूर तीस वर्षांपूर्वीचं असतं. एनआरएससीने अवफ्स या भारतीय उपग्रहावरच्या कॅमेऱ्यावरून केलेले, डब्ल्यूआरएफला चालतील अशा साच्यातले नकाशे आहेत, ते बघा.

एलयूएच२ यातून बाद होत नाही. त्याच्याकडून तुम्ही दोन गोष्टी घ्या. एक, तुमच्या क्षेत्राबाहेरची जमीन: मॉडेलच्या सीमेवरची हवा ज्या जागतिक मॉडेलमधून येते त्याने बहुधा हेच खातं वापरलेलं असतं, ते निदान माहीत असू द्या. दुसरी गोष्ट, भविष्य. २०१५ ते २१०० साठी त्यात आठ परिदृश्यं आहेत. त्यातला वर्गाचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका, २०१५ पासूनचा फरक घ्या आणि तो तुमच्या स्थानिक पायावर चढवा. नाहीतर २०१४ आणि २०१५ च्या मधे एका रात्रीत अर्धा जिल्हा पालटल्यासारखं दिसेल आणि मॉडेल त्या उडीलाच हवामान बदल समजेल. एकाच चौकोनावर जीव टाकू नका, आजूबाजूचे आठ मिळून नऊ एकत्र धरा. पाव अंशाचा डेटा ताणून नऊ किलोमीटरच्या जाळीवर गुळगुळीत पसरवला म्हणजे बारकावा वाढत नाही. बारकाव्याची ठेवण स्थानिक नकाशातून यायला हवी, प्रमाण फक्त एलयूएच२ मधून.

वर्ग मॉडेलमध्ये शिरताना काय होतं तेही तपासा, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे होते. सीएमआयपी५ च्या, म्हणजे आधीच्या फेरीच्या वेळी अमेरिकेतल्या सीईएसएम मॉडेलला आरसीपी ४.५ या परिदृश्यातली वनलागवड दिली होती. पुढे डी व्हिटोरियो आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा त्यातली फक्त २२ टक्के मॉडेलच्या जमिनीवर उतरलेली निघाली. डेटा बरोबर, मॉडेल बरोबर, मधलं भाषांतर चुकलं. शेती कमी झाली म्हणून मोकळ्या झालेल्या जागी मॉडेलने झाडं लावायची की गवत, हे नीट सांगितलंच नव्हतं. तुमच्या जुळणीकोष्टकात 'दुय्यम वन' कुठल्या वनस्पतिप्रकाराला जातं? आपला साग उन्हाळ्यात पानगळ करतो, तो सदाहरितमध्ये ढकलला गेला तर मे महिन्यातलं तुमचं जंगल दिवसभर वाफ सोडत बसेल.

मे महिन्याचंच निघालं म्हणून सांगतो. 'शेतजमीन' हा वर्ग बारा महिने तोच असतो, शेत मात्र नसतं. रब्बी निघाल्यावर आपली काळी जमीन एप्रिलपासून उघडी पडते, भेगाळते, आणि मृगापर्यंत तशीच तापते. त्या दोन महिन्यांत मॉडेलने तिथे पाच-सात इंच हिरवं पीक धरलं असेल, तर नागपूरचा उन्हाळा तुमच्या संगणकात आपोआप गार होईल, आणि तुम्ही त्याचं श्रेय सिंचनाला द्याल. म्हणून वर्गापेक्षाही महिन्यागणिक पानांच्या क्षेत्रफळाचा निर्देशांक उपग्रहावरून घ्या. बागेतलं आणि रब्बीचं सिंचन वेगळं चालू-बंद करून मॉडेलच्या दोन धावा करा.

जमिनीचा पावसावर परिणाम होतो का, हा प्रश्न रिकामा नाही. आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की झाडोऱ्याची जागा पिकांनी घेतल्याने बाष्पोत्सर्जन घटतं आणि विशेषतः गंगेचं खोरं व ईशान्य भारतात मान्सूनचा पाऊस कमी होतो. विदर्भासाठी निष्कर्ष तसाच निघेल असं आधीच ठरवून बसू नका. सीमेवरची हवा तीच ठेवून, फक्त जमीन १९८५ ची आणि आजची अशा धावांच्या जोड्या करा, आणि एकेका वर्षाच्या नव्हे, निदान दहा मोसमांच्या. पावसातला फरक एका वर्षाच्या लहरीतच बुडून जातो.

सुरुवात अशी करा. उद्या बसून २१.१२५, ७९.१२५ या एका चौकोनाची पिकांच्या पाचही वर्गांची १९६१ ते २०१५ ची रेघ काढा. शेजारी जिल्ह्याच्या कृषी विभागाच्या पेरणी अहवालांतली ज्वारी आणि सोयाबीनची रेघ काढा. दोन्हींत ज्वारी कोणत्या वर्षी उतरू लागते आणि किती वेगाने, ते मला लिहून कळवा. मग जुळणीकोष्टक एकत्र बघू.